घोड्याची रक्ततपासणी: अर्ज कुठे, कागद कोणते, नमुना कसा

जत्रा आठ दिवसांवर आली की घोडेवाल्यांना तपासणीचा दाखला आठवतो. रक्त काढायला पाच मिनिटं पुरतात, पण नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल परत कधी येईल हे गावच्या दवाखान्याच्या हातात नसतं. महिनाभर आधी हालचाल केलेली बरी.

अर्ज मालकाने करायचा. पाचगणी-महाबळेश्वरला घोडा एकाचा आणि लगाम दुसऱ्याच्या हातात हे नेहमीचंच, तेव्हा चालवणारा जाणार असेल तर मालकाचं संमतीपत्र बरोबर द्यावं. वीटभट्टीवरची गाढवं आणि खेचरंही यात येतात. ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग त्यांच्यात घोड्यापेक्षा झपाट्याने वाढतो आणि तो माणसालाही होतो. त्यावर लस नाही.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज चालतो. सोबत मालकाचं आधार, खरेदीची पावती असल्यास ती, पर्यटकांना फिरवण्याचा परवाना असल्यास त्याची प्रत, आधीच्या लसींची नोंद आणि घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो. तपासणी कशासाठी हवी तेही लिहा, म्हणजे विक्री, वाहतूक, जत्रा की आजार.

खरी गोम आहे वर्णनात. माझ्या मेहुण्याच्या घोडीचा अहवाल निर्दोष आला, पण अर्जात रंग नुसता 'लाल' लिहिलेला. घोडी कुमैत, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी, कपाळावर टिळा, मागचा एक पाय पांढरा. जत्रेच्या फाटकावर कागद आणि घोडी जुळेनात, आणि सगळा खटाटोप पुन्हा. गाईला कानात १२ अंकी बिल्ला असतो, घोड्याला मायक्रोचिप नसेल तर अंगावरच्या खुणा हीच ओळख. सौदा करताना आपण देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, केसांचे बाकीचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का हे बोट ठेवून मोजतो. तेच सगळं अर्जात उतरवायचं.

रक्त मानेच्या शिरेतून काढतात आणि ते पशुवैद्यकानेच काढावं. ग्लँडर्स आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, लागतं, म्हणून साध्या, लाल बुचाच्या नळीत रक्त गोठू देतात. सर्रा या रोगासाठी जांभळ्या बुचाची, रक्त न गोठू देणारी नळी, कारण तिथे रक्तातला परजीवीच सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा असतो. नळी बर्फाला थेट टेकली आणि थंडीने रक्ताचाच बर्फ झाला तर पेशी फुटून नमुना वाया जातो, म्हणून मध्ये कागद गुंडाळायचा.

रोगनिदानाचं राज्यातलं मोठं केंद्र पुण्यात औंधला आहे. ग्लँडर्सची शेवटची खात्री मात्र हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. घोडा आजारीच असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सातारकरांना जवळ पडतं.

नाकातून घट्ट स्राव, पायावर गाठी, फुटलेल्या जखमा दिसल्या तर अर्जाची वाट पाहू नका. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने अशा संशयाची खबर देणं आणि जनावर वेगळं बांधणं मालकावर बंधनकारक आहे. अहवाल येईपर्यंत घोडा विकायचा नाही, हलवायचा नाही, त्याची बादली आणि खोगीर दुसऱ्याला वापरायचं नाही. ग्लँडर्स पक्का ठरला तर उपचार होत नाहीत, घोडा दयामरणाने संपवावा लागतो. भरपाई घोड्यामागे २५,००० आणि गाढव-खेचरामागे १६,००० रुपये. चांगल्या घोडीच्या किमतीपुढे ही रक्कम तुटपुंजी आहे, म्हणून लपवालपवी होते, आणि मग रोग अख्ख्या तबेल्यात फिरतो.

गाई-म्हशींच्या ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी, रस्ता हाच. फक्त ४ ते ८ महिन्यांच्या वयात कालवडीला त्याची लस दिली असेल तर तारीख आवर्जून सांगा, कारण त्या लसीमुळेही तपासणी 'बाधित' दाखवू शकते.