सान हावियेर देल बाक

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या दक्षिणेस सुमारे 15 किमी.वर असलेले स्पॅनिश वसाहतकाळातील मिशन चर्च. ते तोहोनो ओओधाम या आदिवासींच्या राखीव भूमीत आहे. ‘बाक’ हे त्यांच्या ‘वाक’ या गावाचे स्पॅनिश जिभेवर बदललेले नाव. सांताक्रूझ नदीचे पाणी येथे वाळूतून वर येई, त्यावरून गावाला ते पडले. जेझुइट पंथाचा एउसेबिओ किनो 1692 मध्ये येथे आला आणि मिशनला त्याने संत फ्रान्सिस झेवियरचे नाव दिले. ज्याचे शव गोव्यात बॉम जेझसमध्ये आहे, तोच हा संत.

किनोने मात्र आजची इमारत पाहिली नाही. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केल्यावर मिशन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेले. त्यांनी 7,000 पेसो कर्ज काढून 1783 ते 1797 या काळात हे चर्च उभारले. राबणारे हात बहुतेक ओओधामांचे. आसपासची मिशन चर्चे कच्च्या विटांची, सपाट धाब्याची. येथे भाजक्या विटा, चुना आणि एकामागून एक घुमट आहेत. सपाट छपराला लागणाऱ्या लांब, सरळ तुळया वाळवंटात मिळणे अवघडच होते. पूर्वेकडील मनोऱ्यावर घुमट चढलाच नाही. का, याच्या अनेक कथा आहेत. पैसे संपले, ही त्यांतली सर्वांत पटण्याजोगी.

आतला थाट बराचसा रंगाचा आहे. भिंतीवरचा संगमरवर रंगवलेला, एक दारही नुसते चित्रातले. या चित्रांना खरा धोका निर्माण झाला तो विसाव्या शतकातील सिमेंटच्या गिलाव्याने. ओल आत कोंडली, रंग सुटू लागले. अखेर सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, त्यात फड्या निवडुंगाचा बुळबुळीत रस मिसळून. आपल्याकडे चुन्यात गूळ नि हिरडा घालत, त्याच जातीची ही युक्ती. 1992 ते 1997 मध्ये चित्रे साफ करताना परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली ओओधाम तरुणही हे काम शिकले.

डावीकडच्या दालनात झेवियरची आडवी निजलेली लाकडी मूर्ती आहे. भाविक तिच्या पांघरुणाला नवसाच्या छोट्या धातूच्या प्रतिमा टाचतात, मग मानेखाली हात घालून डोके हलकेच उचलतात. मनात पाप असेल तर ते उचलत नाही, असे म्हणतात.