रेक्स एकच कुत्रा होता? नाही हो!

ऑस्ट्रियाची 'कमिसार रेक्स' सिरीयल, व्हिएन्नातला डिटेक्टिव्ह आणि त्याचा जर्मन शेफर्ड, तिच्याबद्दल वर्षानुवर्षं एकच फिरतंय की शेवटपर्यंत एकाच कुत्र्याने काम केलं आणि तो खराखुरा पोलीस डॉग होता. दोन्ही चूक.

साधा हिशोब करा ना. सिरीयल सुरू झाली 1994 ला, व्हिएन्नातले सीझन 2004 पर्यंत, मग 2008 पासून रेक्स थेट रोममध्ये, आणि कथेत म्हणे तोच रेक्स! जर्मन शेफर्ड जगतो साधारण दहा-बारा वर्षं, म्हणजे रोमला पोचेपर्यंत हा आजोबाच व्हायला हवा होता, पण गडी भिंतीवरून उड्या मारतोय.

खरं असं की पहिला रेक्स झाला तो 'बीजे', कागदोपत्री नाव लांबलचक, सांतो फॉम हाउस झीग्लमायर. त्याला शिकवलं अमेरिकन ट्रेनर टेरेसा अ‍ॅन मिलरने, म्हणजे पक्का फिल्मी कुत्रा, पोलिसांशी काही संबंध नाही. नंतर त्याच्या जागी ऱ्हेट बटलर नावाचा कुत्रा आला आणि बऱ्याच जणांना पत्ताही लागला नाही. हिरो बदलला (टोबियास मोरेत्ती गेला, गेडेऑन बुर्कहार्ट आला) ते मात्र सगळ्यांना कळलं 😄

आणि सिरीयलमध्ये रेक्सचं ते डिटेक्टिव्हच्या सहकाऱ्यांचे सॉसेज-पाव पळवणं? तेही शिकवलेलंच. असल्या कामात ट्रेनर कॅमेऱ्याच्या बाहेर उभा राहून हाताने खुणा करतो, म्हणून कधीकधी कुत्रा हिरोकडे न बघता भलतीकडेच टक लावून असतो, पुढच्या वेळी नीट बघा.