वारुळातली बुरशी कुणाची? पानकाप्या मुंग्या आणि आपली वाळवी

हिरव्या पानांचे तुकडे जबड्यात उभे धरून रांगेनं चाललेल्या मुंग्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सारखे फिरत असतात. ‘या मुंग्या बुरशीची शेती करतात’ हे त्यातलं वाक्य खरं आहे. घोटाळा पुढे होतो. बांध नीट करताना वारूळ फुटतं, आतून करड्या रंगाचा, भोकाभोकांचा हलका गोळा निघतो आणि कुणीतरी सांगतं, हीच ती मुंग्यांची शेती. ती मुंग्यांची नसते. बुरशी पिकवणाऱ्या मुंग्यांच्या सुमारे 250 जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेत. भारतात त्यातली एकही नाही. बीड-परभणीकडच्या बांधावरचं, मुरमाड माळावरचं वारूळ वाळवीनं बांधलेलं असतं, आणि आतली बुरशीही तिचीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा तिथं नाग येतो, मुंग्याही येतात. सोडून दिलेल्या भागात काळ्या मुंग्या ये-जा करताना दिसल्या की बांधकामाचं श्रेय त्यांना जातं.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हटलं जातं, पण नातं दूरचं आहे. मुंगी गांधीलमाशी-मधमाशीच्या गटातली, वाळवी झुरळांच्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याभोवती येणारे पंखवाले किडे हातात घेऊन पाहिले तर फरक लगेच कळतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या आणि कंबर नाहीच. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशा कोपरात वाकलेल्या, कंबर बारीक. मुंग्यांतल्या कामकरी सगळ्या माद्या असतात. वाळवीत नर-मादी दोन्ही राबतात, आणि राणीच्या कोठडीत राजाही आयुष्यभर सोबत राहतो.

म्हणजे शेतीचा शोध या दोघांनी एकमेकांकडून घेतलेला नाही. मुंग्यांची सुरुवात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत झाली, असं मुंग्या आणि बुरशा दोन्हींची जनुकं ताडून 2024 मध्ये मांडलं गेलं. हा काळ लघुग्रह आदळण्याचा, डायनोसॉर संपण्याचा. सूर्यप्रकाश अडला, झाडं मेली, कुजणाऱ्या पाल्यावर बुरशी माजली, आणि जिथं बुरशी भरपूर तिथं ती खाणाऱ्याचं फावलं. (आपल्याकडे त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता. वेरूळची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली, तो त्या लाव्ह्याचा.) पुढे सुमारे 2.7 कोटी वर्षांपूर्वी मुंग्यांची काही बुरशी पूर्ण पाळीव झाली, म्हणजे मुंग्यांवाचून जगेनाशी झाली. हिरवी पानं कापणाऱ्या मुंग्या त्यानंतरच्या. वाळवीची शेती आफ्रिकेतली, सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीची. टांझानियात तिच्या बुरशीमळ्यांचे (आपल्या वारुळातून निघतात तसल्या भोकाभोकांच्या गोळ्यांचे) अडीच कोटी वर्षं जुने जीवाश्म सापडले आहेत. आफ्रिकेतून हा गट आशियात आला, आणि आपल्याकडे वारुळं बांधणारी ओडोन्टोटर्मिस वाळवी त्याच गटातली.

आता खताचं. पानकापी मुंगी ताजं पान आणते, बिळात त्याचा लगदा करते, त्यावर आपल्या विष्ठेचा थेंब सोडते आणि जुन्या मळ्यातले बुरशीचे धागे उपटून त्या लगद्यावर लावते. बुरशी धाग्यांच्या टोकांना फुगीर गाठी धरते, त्या पोषक असतात आणि अळ्या त्यांवरच वाढतात. मोठ्या मुंग्या पान कापताना निघालेला रसही पितात. वाळवी मेलेलं आणते: वाळकं गवत, पाला, धसकटं, पऱ्हाट्या, माळवदाची लाकडं. ते ती खाते, बुरशीच्या बीजांसह पोटातून झपाट्यानं काढते आणि त्या विष्ठेच्या बारीक गोळ्या मळ्यावर थापते. नवा थर वर येतो. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे धरतात, ते खाल्ले जातात आणि त्यांतली बीजं पुन्हा पोटातून नव्या थरात जातात. खालचा जुना, बुरशीनं मऊ केलेला थरही खाऊन संपवतात. लाकडातलं कडक लिग्निन फोडायचं काम बहुतांशी बुरशीकडेच असतं.

खरा फरक मात्र बियाण्यात आहे, आणि तो शेतकऱ्याला लगेच कळावा. पानकाप्या मुंगीची राणी घरचं बियाणं घेऊन निघते: लग्नाच्या उड्डाणाआधी तोंडातल्या एका पिशवीत आईच्या मळ्यातली बुरशीची गोळी भरून घेते. जमिनीत शिरून ती गोळी बाहेर काढते, विष्ठेच्या थेंबांवर जगवते आणि मग वंश वाढवते. ती गोळी मेली तर राणीचा संसार तिथंच संपतो. आपल्याकडच्या वाळवीचे राजा-राणी बहुधा रिकाम्या हातानं निघतात. अंगातल्या साठ्यावर पहिली कामकरी पिढी पोसतात, ती पिढी बाहेर पडून पाल्यासोबत बुरशीची बीजं उचलून आणते, आणि मग मळा सुरू होतो. म्हणून वाळवीच्या बुरशीला दर वर्षी जमिनीवर येऊन बीजं उधळणं भाग आहे. पावसात वारुळाजवळ उगवणारी अळंबी, टर्मिटोमायसिस कुळातली, त्यासाठीच असते. मुंग्यांच्या बुरशीला राणीच पुढच्या घरी नेते, त्यामुळे ती छत्री क्वचितच काढते. वाळवीनं रिकाम्या हातानं निघण्याला अपवाद आहेत. वाळवीच्या मायक्रोटर्मिस कुळात उडणारी मादी बुरशी सोबत नेते, तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या जातीत हे काम नराकडे असतं.

बाहेरून आणलेलं असूनही एका वारुळात शेवटी बुरशीचा एकच वाण उरतो. जो वाण जास्त दाणे धरतो तो जास्त खाल्ला जातो, म्हणून जास्त थापला जातो, आणि बाकीचे मागे पडतात. निवड कुणी ठरवून करत नाही, पेरणीची पद्धतच ती करते.

एकाच वाणाला रोगाची भीती असतेच. मुंग्यांच्या मळ्यात एस्कोव्हॉप्सिस नावाची परजीवी बुरशी घुसते. मुंग्या ती वेचून बाहेर टाकतात, आणि पुष्कळ जातींच्या अंगावर पांढरा लेप असतो, तो प्रतिजैविक बनवणाऱ्या जिवाणूंचा. ही गोष्ट 1999 मध्ये उघड झाली. (मुंग्या पानं खात नाहीत, त्यांवर बुरशी वाढवतात, हे थॉमस बेल्ट या इंग्रज निसर्गअभ्यासकानं निकाराग्वातल्या निरीक्षणांवरून 1874 मध्येच मांडलं होतं.) वाळवीच्या अंगावर असा लेप नसतो. तिचा भर सफाईवर आहे, आणि ती किती कडक आहे हे घरी पाहता येतं. फुटलेल्या वारुळातला मळ्याचा तुकडा घ्या, त्यावरच्या सगळ्या वाळव्या ब्रशनं झाडून काढा आणि ओलसर कापडासह झाकणाच्या डब्यात ठेवा. काही दिवसांत वाळवीची टर्मिटोमायसिस दबते आणि झायलेरियाच्या गटातली बुरशी वर येते, आधी पांढरी जाळी, मग तिच्यातून काडीसारखी टोकं. ती मळ्यात आधीपासूनच दडलेली असते, वाळवी तिला डोकं वर काढू देत नाही. डबा उघडताना नाकावर रुमाल ठेवा.

शेतात हा फरक कामाला येतो. पानकाप्या मुंग्या इथं असत्या तर मोसंबीचं झाड त्यांनी एका रात्रीत बोडकं केलं असतं. ब्राझीलमध्ये त्यांच्यासाठी लिंबूवर्गीय फळांच्या चोथ्याचं विषारी आमिष वापरतात, कारण मुंग्या ते स्वतःच मळ्यापर्यंत वाहून नेतात. वाळवी मुख्यतः मेलेलं उचलते. कडुनिंबाच्या, आंब्याच्या खोडावर मातीचा थर दिसला म्हणून घाबरू नका. थोडा खरवडा. खाली फक्त वाळकी साल खाल्लेली असेल आणि आतली साल हिरवी-ओली असेल तर झाडाला धोका नाही. जिवंत पिकावर ती उतरते ती बहुधा पाण्याचा ताण पडल्यावर: पावसानं ओढ दिली की कपाशी, हरभरा, नव्या लागणीच्या उसाची बेणं. तिथं कच्चं शेणखत टाकलं असेल तर आमंत्रणच. खत पूर्ण कुजलेलं वापरा आणि ताणाच्या काळात हलकं का होईना पाणी द्या.

वारूळ वरून फोडून उपयोग नसतो. वरचा मनोरा हवा खेळवण्यासाठी आहे. मळे आणि राणीची जाड भिंतींची, चपटी कोठडी खाली असते, त्यामुळे मनोरा पुन्हा उभा राहतो. काढायचंच असेल तर कोठडीपर्यंत खणून बोटाएवढी राणी, राजा आणि सगळे मळे बाहेर काढावे लागतात. उघड्यावर पडलेला मळा उन्हात वाळून जातो. पडीक कोपऱ्यातलं वारूळ पिकाला त्रास देत नसेल तर राहू द्यावं असं आमचं मत. खालची माती वर आणण्याचं, पाणी मुरायला वाटा करण्याचं काम ते फुकटात करतं.

वारुळालगतची अळंबी खाणारे लोक तिचा देठ ओढत नाहीत, खणतात. देठ मुळासारखा बारीक होत खाली मळ्यापर्यंत गेलेला असतो. पण तेवढ्या एका खुणेवर विसंबू नये, विषारी छत्र्यांचे देठही जमिनीत खोल जाऊ शकतात. जाणकार सोबत नसेल तर हात लावू नये. ही अळंबी धिंगरीसारखी पिशवीत पिकवणं अजून धंद्याच्या पातळीवर जमलेलं नाही.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कडेनं गोल, सफाईदार काप दिसला तर तो पानकाप्या मुंगीचा नाही, पानकापी मधमाशीचा. ती तुकडा खात नाही, बुरशीही लावत नाही, घरट्याला अस्तर म्हणून नेते. डाळिंबाच्या खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा मात्र खरोखर बुरशी पिकवतो. तो लाकूड पोखरतो, पण खातो बोगद्यात वाढवलेली बुरशी, आणि ती तो अंगातल्या खास पिशवीतून झाडोझाडी नेतो.