आयरिश शिपायाच्या लग्नाची नोंद: आधी पलटण कुठे होती ते सांगा

शुल्क घेऊन आयर्लंडमधल्या जुन्या लग्नांच्या नोंदी आम्ही शोधून देतो. आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच वळणाची असतात. "आमचे खापरपणजोबा आयरिश. इंग्रजांच्या पलटणीत होते, गाव गॉलवे, पुढे खडकीला आले. त्यांच्या लग्नाचा दाखला काढून द्या." नाव असते, गाव असते, कधी पदकाचा फोटोही असतो. लग्नाच्या सुमारास त्यांची पलटण कुठे होती, एवढेच नसते. आम्हांला पहिल्यांदा हवे असते ते हेच.

शिपायाचे लग्न त्याच्या गावी क्वचितच लागे. ते लागे मुलीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत, आणि मुलगी बहुधा पलटणीचा तळ असलेल्या गावची. गॉलवेचा मुलगा दोन वर्षे फर्मॉयच्या किंवा अ‍ॅथलोनच्या बराकीत राहिला असेल, तर नोंद तिथल्या वहीत सापडणार. गॉलवेच्या वह्या पानन् पान चाळल्या तरी हाती काही लागत नाही, आणि तुमचे शुल्क त्या चाळण्यातच संपते. म्हणून नुसत्या जन्मगावावर आम्ही काम सुरू करत नाही. काहींना हा अडेलपणा वाटतो, पण त्यात तुमचेच पैसे वाचतात.

सरकारी विवाह नोंदवहीतली एक ओळ पाहा. तारीख, दोघांची नावे, वय (पुष्कळदा नुसते "सज्ञान", म्हणजे एकवीस पुरी), व्यवसाय, लग्नाच्या वेळचा पत्ता, दोघांच्या वडिलांची नावे आणि त्यांचे व्यवसाय. खाली दोन साक्षीदार. सही येत नसेल तिथे फुली. शिपायाच्या पत्त्यापुढे त्याचे गाव नसते, बराकीचे नाव असते. व्यवसायाच्या रकान्यात कधी पलटणही लिहिलेली असते. वडिलांचे नाव इथे मिळाले की मग गावाकडे जाता येते. गाव हे या शोधाचे दुसरे टोक आहे, पहिले नव्हे.

धर्म जरूर कळवा. बिगर-कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १ एप्रिल १८४५ पासून आहे, कॅथलिकांची १ जानेवारी १८६४ पासून. त्याआधीच्या कॅथलिक लग्नासाठी पॅरिशच्या वह्याच पाहाव्या लागतात. त्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. पुष्कळ वह्या लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. "१९२२ च्या आगीत सगळे जळाले" असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधले (तिथल्या न्यायालयांच्या इमारतीतले) दप्तर जळाले हे खरे, आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या कितीतरी वह्या त्यात गेल्या. पण कॅथलिक वह्या तिथे नव्हत्याच, आणि सरकारी विवाह नोंदीही वाचल्या.

पलटणीच्या नावावरून गाव ठरवू नका. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही पलटण १८८१ मध्ये उभी राहिली ती कंपनी सरकारच्या जुन्या मद्रास आणि मुंबईच्या युरोपियन पलटणींतून. आजोबा "डब्लिन"वाले होते म्हणून ते डब्लिनचे ठरत नाहीत. शिवाय पहिले मूल पुण्यात किंवा देवळालीत जन्मले असेल आणि आयर्लंडमध्ये एकही नसेल, तर लग्नही इकडेच लागले असण्याचा संभव मोठा. त्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या वह्यांत आहेत. कामठीकरांनी मात्र मद्रास इलाख्याच्या वह्या पाहाव्यात, कारण कामठीची छावणी मद्रासच्या फौजेची होती. अशा वेळी आयर्लंडचे शुल्क आम्ही घेत नाही, तसे स्पष्ट कळवतो.

आयर्लंड सरकारच्या संकेतस्थळावर जुन्या विवाह नोंदी फुकट पाहता येतात. आधी स्वतः पाहा, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. नाव दुर्मीळ असेल तर एका संध्याकाळचे काम आहे. जॉन मर्फीसारखे जागोजागी आढळणारे नाव असेल तर आमच्याकडे या. शोध जिल्ह्यावर बेतू नका, नोंदणी विभागावर बेता. अ‍ॅथलोनचा विभाग वेस्टमीथ आणि रॉसकॉमन अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. नावे जुळणाऱ्या नोंदी आम्ही लंडनजवळच्या क्यू येथील ब्रिटिश सरकारी दप्तरखान्यातल्या पलटणींच्या हजेरीपटांशी ताडून पाहतो. त्या तिमाहीत पलटण त्या गावात नव्हती, तर तो जॉन मर्फी तुमचा नव्हे. या ताडण्याला वेळ लागतो, शुल्कही त्याचेच आहे.

नोंद न सापडल्यास शुल्क परत मिळत नाही. पण कोणत्या वह्या, कोणती वर्षे, आडनावाची कोणती स्पेलिंगे पाहिली याचा लेखी तपशील मिळतो, म्हणजे पुढे कोणालाही तेच काम पुन्हा करावे लागत नाही.

पत्रासोबत पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला आणि त्या शिपायाच्या बायकोचे माहेरचे आडनाव पाठवा. पदक असेल तर राणीच्या चेहऱ्याचा फोटो नको. बहुतेक मोहीम-पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक उभे धरा, खिडकीच्या उजेडात थोडे थोडे फिरवत कडेचे चार फोटो काढा आणि तेच पाठवा. घासूनपुसून लख्ख मात्र करू नका, अक्षरे झिजतात.