चेनसॉची चेन: पिच वेगळा, गेज वेगळा, आणि इंच तर तिसरंच

‘१६ इंची चेन द्या’ असं दुकानात कुणी म्हणालं की माझं डोकं उठतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडे इतकी झाडं आडवी झाली की ज्यांनी कोयतीशिवाय कधी काही हातात धरलं नव्हतं त्यांनीही मशीन घेतली, आता त्यांच्या चेनी संपतायत आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर तोच घोळ.

इंच म्हणजे बारची (चेन जिच्या कडेने फिरते त्या पट्टीची) लांबी, ते ठाऊक आहे, पुढे चला. पण १६ इंचीच बार असला तरी मशीनप्रमाणे कुठे ५५ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत जाणारे खालचे दाते) लागतात, कुठे ५६, कुठे ६६. नुसत्या इंचावर चेन मागणं म्हणजे नुसत्या उंचीवर चप्पल मागणं.

पिच, म्हणजे चेनच्या दोन रिव्हेटमधलं सरासरी अंतर, सोपा. लागोपाठ तीन रिव्हेट धरा, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजा, निम्मं करा. निम्मं करण्याआधीचं मोजमाप साडेसोळा मिमी आलं तर पिच ०.३२५ इंच, एकोणीसच्या आसपास आलं तर ३/८ इंच. पिच चुकला तर चेन स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) खडखडते, मशीनच ओरडून सांगते.

खरा घात गेज करतो. गेज म्हणजे त्या खालच्या दात्याची जाडी, आणि बारची खाचही तेवढीच रुंद हवी. १.३, १.५, १.६ मिमी असले आकडे, डोळ्याला फरक दिसत नाही. जाड चेन बारीक खाचेत जातच नाही, ते बरंय. पण १.३ ची चेन १.५ च्या बारवर झकास बसते, पिच तोच, लिंका तेवढ्याच, फिरतेपण छान, आणि दुकानदार म्हणतो बसली ना, मग झालं. झालं कसलं!

मी असली चेन लावून दोन महिने काजूच्या फांद्या छाटल्या, काही कळलं नाही, मनगटाएवढ्या फांदीत काप वाकायला जागाच कुठे असते. मग परसातला वाळका आईन पाडायला घेतला तर बुंध्यात जरा आत गेल्यावर मागचा काप (झाड पडायच्या उलट बाजूने घेतात तो) आपोआप खाली घसरायला लागला. मला वाटलं कापणारे दाते एका बाजूचे बोथट, अर्धा दिवस कानस घेऊन बसलो, तरी तेच. बारीक चेन रुंद खाचेत एका बाजूला कलत होती. पाडताना काप असा भरकटला की झाड ज्या लाकडावर वळायचं ते मनासारखं राहत नाही, मग झाड भलतीकडे जातं, आणि आमच्याकडे भलतीकडे म्हणजे कुणाच्या तरी कौलांवर नाहीतर पोफळींवर.

तपासायचं असं: मशीन बंद, प्लगची वायर काढलेली, हातमोजा घातलेला, बारच्या मध्यावर चेन धरून आडवी हलवा. लुळी पडली तर गेज चुकलाय किंवा खाच झिजून रुंद झालीय. ताठ उभी राहिली तर मग कापणाऱ्या दात्यांकडे बघा, एका बाजूचे लांब आणि दुसरीकडचे आखूड असतील.

आकडे बारच्या बुडाशी कोरलेले असतात, भुशा-ऑइलच्या लगद्याखाली, डिझेलच्या फडक्याने पुसा म्हणजे दिसतील. फोटो काढून दुकानात न्या. ‘१.५ नाहीये, १.३ चालेल’ म्हणाले तर सरळ घरी या आणि दोन दिवस कोयतीने भागवा.