माध्यमिक शिक्षकाची पदवी-पात्रता (गोवा)

गोव्यातील सरकारी किंवा अनुदानित हायस्कुलात सहायक शिक्षक म्हणून लागण्यासाठी आवश्यक असलेली विद्यापीठीय पदवी, प्रशिक्षण व अन्य अटी. ढोबळ उत्तर एका ओळीत मावते : शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयातली पदवी, किमान 50 टक्के गुण आणि त्यावर बी.एड. खरी मेख पहिल्या चार शब्दांत आहे. बारावी झाल्यावर कॉलेजात कोणता विषय घ्यायचा हे मूल अठराव्या वर्षी ठरवते, बहुतेकदा मैत्रीण किंवा मित्र कुठे जातो ते पाहून. पाच-सात वर्षांनी शिक्षकाच्या जागेची जाहिरात निघते, तेव्हा त्याच निवडीचा हिशेब मांडला जातो.

आधी गोव्यातल्या शाळांची रचना ध्यानात घ्यावी लागते. इथे प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कुलात येते ते दहावीपर्यंत तिथेच राहते आणि अकरावी-बारावीला 'हायर सेकंडरी'त जाते. केंद्रीय नियमांची विभागणी याहून वेगळी आहे : पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, नववी-दहावी माध्यमिक. गोव्यातला शिक्षक पहिल्या तासाला सहावीत आणि मधल्या सुटीनंतर दहावीत शिकवतो. त्याच्या लेखी ती एकच नोकरी असते, नियमांच्या लेखी दोन पातळ्या.

किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एनसीटीई'चा. 1993 च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली आणि 1995 पासून काम करू लागली. तिच्या 2014 च्या नियमांनुसार नववी-दहावीच्या शिक्षकासाठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान 50 टक्के गुण आणि बी.एड. हवे, नाहीतर चार वर्षांची एकात्मिक बी.ए.बी.एड. किंवा बी.एस्सी.बी.एड. ही पदवी हवी. पदवीला टक्के कमी पडले आणि एम.ए.ला भरून निघाले तरी चालते, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. या पदाला गोव्यात 'ग्रेड वन' म्हणतात.

आता विषयाकडे. भाषेच्या शिक्षकाने ती भाषा पदवीला मुख्य विषय म्हणून घेतलेली असावी, अशी अपेक्षा असते. सामाजिक शास्त्रांसाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र, गणित-विज्ञानासाठी बी.एस्सी. पदवी मात्र एका विषयाची असते आणि दहावीच्या विज्ञानात भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही येतात. त्यामुळे फिजिक्स घेऊन पदवीधर झालेल्या शिक्षिकेला बेडकाच्या हृदयाचे कप्पे फळ्यावर काढावे लागतात, आणि ते ती बहुधा आदल्या रात्री पुन्हा वाचून येते. बी.कॉम. झालेल्यांची गोष्ट जरा अवघड आहे. दहावीपर्यंत वाणिज्य हा स्वतंत्र विषयच नसल्याने त्यांचा सरळ रस्ता एम.कॉम. आणि बी.एड. करून हायर सेकंडरीकडे जातो.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते. 2014 च्या नियमांनी ते दोन वर्षांचे केले आणि 2015 च्या तुकडीपासून ते अमलात आले. प्रवेशाला पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत 50 टक्के लागतात. विज्ञान-गणिताचे विशेष अध्ययन केलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना 55 टक्क्यांची अट आहे, राखीव गटांना नियमांप्रमाणे सवलत. वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात, त्यांतले 16 दुसऱ्या वर्षी. कोणत्याही कारणाने अभ्यासक्रम रेंगाळला तरी तीन वर्षांच्या आत पुरा करावा लागतो.

या वीस आठवड्यांचे ओझे कळायचे तर छात्राध्यापिकेची वही पाहावी. सुरुवात सूक्ष्म पाठांनी होते : पाच-सात मिनिटे, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले स्वतःचेच सहाध्यायी, आणि एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फलकलेखन. नंतर खऱ्या वर्गावरचे सराव पाठ. प्रत्येकासाठी पाठ टाचण काढायचे, त्यात उद्दिष्टे, साधने, शिक्षककृती, विद्यार्थीकृती असे रकाने भरायचे, मार्गदर्शकांची सही घ्यायची आणि तक्ते सांभाळत बसमधून शाळेत पोचायचे. निरीक्षक शेवटच्या बाकावर येऊन बसले की आठवीचा वर्ग एकदम शहाण्यासारखा वागतो. ते उठून गेल्यावर जे होते त्यावर कुठलाही रकाना नसतो.

गोव्यात हे शिक्षण गोवा विद्यापीठाशी संलग्न अध्यापक महाविद्यालयांत मिळते. पणजीत आल्तिन्योवरची निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही त्यांतली जुनी संस्था 1963 ची, म्हणजे मुक्तीनंतर दोनच वर्षांत सुरू झालेली. फोंड्याला गोवा विद्याप्रसारक मंडळाचे डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय आहे. गोवा विद्यापीठ 1985 साली आले. त्याआधी गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेल्या हेडमास्तरांच्या घरी भिंतीवर टांगलेली बी.एड.ची पदवी मुंबईची दिसते.

मराठी घेऊन शिक्षक होऊ पाहणाऱ्याचे कोडे वेगळेच. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि गोव्यातल्या कित्येकांनी मुळाक्षरे तिथेच गिरवली. पण हायस्कुले बहुतांशी इंग्रजी माध्यमाची राहिली. पाचवीत पाऊल ठेवताच विज्ञान-गणिताची भाषा बदलते आणि मराठी एका तासापुरती उरते. त्या तासाचा शिक्षक बी.ए., एम.ए. मराठीत होतो, पण बी.एड.चे मानसशास्त्र आणि मूल्यमापन त्याला प्रामुख्याने इंग्रजीतून वाचावे लागते. शिवाय भरतीच्या नियमांत कोकणीचे ज्ञान अत्यावश्यक आणि मराठीचे इष्ट अशी विभागणी असते. तिचे मूळ 1987 च्या राजभाषा कायद्यात आहे. राजभाषा कोकणी, पण शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो, अशी त्याची मांडणी. पेडणे किंवा डिचोलीच्या उमेदवाराला कोकणीची अट जड जात नाही. घरात-बाजारात तो तीच बोलतो, फक्त मुलाखतीत बोलताना मधूनच मराठीत घसरतो.

शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी हा सगळ्यांत गोंधळाचा भाग. ती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातून आली आणि पहिली ते आठवीपुरती आहे. नववी-दहावीसाठी 2014 च्या नियमांत तिची अट नाही. पण गोव्याचे हायस्कूल पाचवीपासून सुरू होत असल्याने 'मी माध्यमिक शिक्षक, मला टीईटी कशाला?' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर द्यावा लागतो : 150 गुण, उत्तीर्ण व्हायला 60 टक्के, म्हणजे 90. केंद्रीय परीक्षा सीबीएसई 2011 पासून घेते. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत 2021 मध्ये काढून टाकली, आता ते कायमचे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला. चर्चच्या शाळा मोठ्या संख्येने असलेल्या गोव्यात ही बाब लहान नाही.

बी.एड. असले की खालच्या वर्गांना शिकवता येतेच, हाही एक गैरसमज. ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरली नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका हवी, आणि ती पर्वरीच्या 'डाएट'मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होते.

पुढचे चित्र हलते आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी व्हावी असे म्हटले. या धोरणानुसार आखलेला नवा अभ्यासक्रम 2023-24 पासून देशातल्या निवडक संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये एनसीटीईने नवे मसुदा-नियम काढले. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. त्यात सुचवले होते. म्हणजे एका वर्षाचे दोन केले, आणि दहा वर्षांनी काहींसाठी परत एकाची भाषा.

पदवी आणि बी.एड. हातात आले तरी सरकारी जागेसाठी मामलेदार कार्यालयातून काढलेला 15 वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. लहानपण बेळगावात आजोळी काढून परतलेल्यांची धांदल इथे उडते. बी.एड. गोव्याबाहेर केले असेल, तर ते कॉलेज एनसीटीईच्या मान्यतेचे होते की नाही हे प्रवेश घेण्याआधीच पाहिलेले बरे. अनुदानित शाळांचा कारभार 1984 चा शालेय शिक्षण कायदा आणि 1986 चे नियम यांवर चालतो. नेमणूक व्यवस्थापन करते, पण तिला शिक्षण संचालकांची मान्यता लागते. कायम जागा निघेपर्यंत अनेक जण 'लेक्चर बेसिस'वर शिकवतात. घेतलेल्या तासांचेच पैसे मिळत असल्याने चतुर्थीच्या सुटीत त्यांची मिळकत थांबते.