शार-पेच्या सुरकुत्या आणि शार-पेचा ताप

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं शार-पे या चिनी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं आणि त्याचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कपाळावर, खांद्यावर, पाठीवर, थेट शेपटीच्या बुडापर्यंत नुसत्या घड्याच घड्या. डोळे शोधून काढावे लागत होते. लगोलग सल्ले सुरू झाले. एका मावशींनी खोबरेल तेलाची मालिश सुचवली. एका काकांनी, मोठं झालं की कातडं आपोआप ताणलं जाईल, असा दिलासा दिला. जीभ निळसर काळी आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ‘काळजिभ्या दिसतोय, त्याच्यासमोर वाईटसाईट बोलू नका’ असंही येऊन गेलं. भाच्याचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. ‘मामा, विकणारा म्हणाला, जितक्या घड्या जास्त तितकं पिल्लू अस्सल. खरं का?’

जिभेचं आधी उरकून टाकतो. पिल्लाची जीभ जन्मतः गुलाबी असते, पुढच्या काही आठवड्यांत ती काळवंडत जाते. चाऊ-चाऊ या दुसऱ्या चिनी जातीतही असंच होतं. कारण मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना रंग देणारं रंगद्रव्य. आपल्याकडे काळ्या जिभेचा माणूस बोलेल ते खरं होतं म्हणतात, चीनमध्ये या कुत्र्याची काळी जीभ भुताखेतांना पळवते म्हणतात. मेलॅनिनला यातलं काहीच ठाऊक नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तरासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

शार-पे मूळचा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला. शेताची राखण, शिकार आणि दुर्दैवानं झुंजी अशी कामं त्यानं केली. १९४९ नंतरच्या चीनमध्ये कुत्रा पाळणं ही चैन ठरली आणि ही जात जवळजवळ संपली. १९७३ मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी एका अमेरिकी मासिकातून ‘ही जात वाचवा’ असं आवाहन केलं. मूठभर कुत्री अमेरिकेत गेली आणि आज तिथे दिसणारे शार-पे बहुतांशी त्यांचेच वंशज आहेत. चीनमधला जुना शार-पे तुलनेनं सडसडीत, आखूड केसांचा, मोजक्या घड्यांचा. अमेरिकेत लोकांना आवडला तो जाड, मांसल थोबाडाचा आणि भरपूर घड्यांचा. म्हणून पिढ्यानपिढ्या तसेच नर-मादी निवडले गेले. म्हणजे घड्या जास्त असल्या तर पिल्लू अस्सल ठरत नाही. उलट ते मूळ रूपापासून अधिक दूर गेलेलं असतं.

आता या घड्यांच्या आत काय आहे ते पाहू. बहुतेकांना वाटतं की शार-पेला गरजेपेक्षा जास्त कातडं मिळालंय, मापापेक्षा मोठा सदरा शिवावा तसं. पण त्या कातड्यात बारीक सुई टोचली तर रक्ताऐवजी अनेकदा पारदर्शक, चिकट, तार सुटणारा द्रव बाहेर येतो. पशुवैद्य निदानासाठी हे करतातही. तो द्रव म्हणजे मुख्यतः हायलुरोनन. हेच सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवरचं हायलुरोनिक ॲसिड.

१९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून ते पहिल्यांदा वेगळं केलं. त्याची रचना अगदी साधी आहे. ग्लुकुरॉनिक ॲसिड आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन या दोन शर्करा, एकीनंतर दुसरी, परत पहिली, परत दुसरी. फांद्या नाहीत, गाठी नाहीत. पण लांबी अफाट. एका साखळीत अशा दहा हजार जोड्या सहज असू शकतात. एक जोडी साधारण एक नॅनोमीटर लांबीची, म्हणजे पूर्ण ताणली तर एकच रेणू दहा मायक्रोमीटर भरेल, आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाहून जास्त. प्रत्यक्षात तो असा ताणलेला नसतो, गुंतवळ्यासारखा पसरलेला असतो. प्रत्येक जोडीवर एक ऋण भार असतो. हे भार एकमेकांना दूर लोटतात, सोडियमचे आयन खेचतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. फालुद्यातला सब्जा भिजून स्वतःभोवती बुळबुळीत गोळा तयार करतो ना, तसा हा रेणू स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट पाणी धरून बसतो. सांध्यात वंगण म्हणून तो लागतो, डोळ्यात लागतो, त्वचेत तर लागतोच. सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम हायलुरोनन असतं आणि त्यातलं सुमारे एक तृतीयांश रोज मोडून नव्यानं बनतं.

ते बनवण्याची पद्धत मला फार आवडते. शरीरातल्या बहुतेक मोठ्या शर्करा पेशीच्या आतल्या गॉल्जी यंत्रणेत जोडल्या जातात आणि मग पिशव्यांत भरून बाहेर पाठवल्या जातात. हायलुरोननचं तसं नाही. त्याचं विकर, म्हणजे ते बनवणारं एन्झाइम, पेशीच्या बाहेरच्या पटलातच बसलेलं असतं. आतून शर्करा उचलायच्या, साखळीला जोडायच्या आणि साखळी त्याच क्षणी बाहेर सरकवायची. विणणं आणि बाहेर टाकणं एकाच ठिकाणी. अशी तीन विकरं आपल्याकडे आहेत, कुत्र्यांकडेही आहेत: हॅस-१, हॅस-२ आणि हॅस-३. त्वचेतल्या तंतूपेशींमध्ये मुख्य काम हॅस-२ करतं. उंदरात हे विकर बनवणारं जनुक पूर्ण काढून टाकलं तर गर्भ जगतच नाही, कारण हृदय नीट घडत नाही.

शार-पेमध्ये हॅस-२ बिघडलेलं नाही. ते प्रथिन अगदी इतर कुत्र्यांसारखंच आहे. वेगळं आहे ते जनुकाच्या बऱ्याच आधीचं, डीएनएची सुमारे साडेतीन लाख अक्षरं अलीकडचं ठिकाण. तिथला सुमारे सोळा हजार अक्षरांचा एक तुकडा शार-पेमध्ये एकापेक्षा जास्त वेळा लिहिला गेलेला आहे. हे २०११ मध्ये स्वीडिश आणि अमेरिकी संशोधकांच्या गटानं दाखवलं. त्याआधी २०१० मध्ये वेगवेगळ्या जातींचे जनुकसंच तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या गटाला शार-पेमध्ये नेमकी हीच जागा ‘इथे माणसानं निवड केलीय’ अशी खूण दाखवत होती. त्या तुकड्याच्या प्रती वाढल्या की हॅस-२ जास्त चालतं आणि त्वचेत चिकट द्रव साठतो, असा अंदाज आहे. निरोगी शार-पेच्या रक्तातही हायलुरोनन इतर कुत्र्यांपेक्षा जास्त सापडतं.

प्रतींच्या मोजणीतली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०११ च्या निबंधाच्या शीर्षकातच या पुनरावृत्तीला ‘अस्थिर’ म्हटलं होतं, म्हणजे पिढीगणिक प्रतींचा आकडा बदलत असावा. २०१६ मध्ये जास्त काटेकोर मोजणी झाली तेव्हा दिसलं की एका गुणसूत्रावर १, ३ किंवा ५ प्रती असतात आणि त्या आईबापांकडून पिल्लांकडे जशाच्या तशा जातात. गुणसूत्रं दोन, दोन्हीकडचे आकडे विषम, म्हणून बेरीज नेहमी सम येते: २, ४, ६, ८ किंवा १०. सामान्य कुत्र्यात २. मांसल थोबाडाच्या शार-पेत बऱ्याचदा १०.

इथपर्यंत सगळं दिसण्यापुरतं होतं. आता ताप.

काही शार-पेंना मधूनच जोराचा ताप येतो, मागच्या पायाच्या घोट्याजवळचा सांधा सुजतो, थोबाड सुजतं, कुत्रं हलायला तयार होत नाही. साधारण एक-दोन दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. संसर्ग सापडत नाही. शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा शत्रू नसताना युद्ध पुकारते, असा हा प्रकार. माणसांमध्ये भूमध्य समुद्राभोवतीच्या समाजांत आढळणारा असाच एक आनुवंशिक ताप आहे. शार-पेंच्या बाबतीत २०११ च्या त्याच अभ्यासात दिसलं की ज्या कुत्र्यांत प्रती जास्त, त्यांत तापाचा धोका जास्त.

याचा संबंध कसा लागतो? हायलुरोननची लांब साखळी शरीराला शांत ठेवते, पण तिचे तुकडे झाले की तेच तुकडे धोक्याची खूण ठरतात. जखम झाल्यावर ऊती फाटतात, साखळ्या तुटतात, आणि पेशींवरचे टोल-सदृश ग्राही हे तुकडे ओळखून इंटरल्यूकिन-१ सारखे संदेश सोडतात. हे संदेश मेंदूतल्या तापमानाच्या नियंत्रणापर्यंत पोचले की ताप चढतो. ज्या कुत्र्यात साखळ्यांचा साठाच प्रचंड, त्याच्यात तुकडेही जास्त. युक्तिवाद सुबक आहे, पण खटला अजून बंद झालेला नाही. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी हॅस-२ जिथे आहे त्याच तेराव्या गुणसूत्रावर, जवळच असलेल्या एमटीबीपी नावाच्या जनुकातला एक बदल या आजाराशी जोडून दाखवला. शेजारी-शेजारी असलेले बदल सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे गुन्हेगार एक की दोन हे ठरवणं अवघड आहे.

लांब साखळी शांत ठेवते याचं दुसरं टोक म्हणजे आफ्रिकेतला जमिनीखाली राहणारा केसहीन उंदीर, नेकेड मोल रॅट. त्याचंही कातडं सैल, त्याचंही हायलुरोनन भरपूर, पण साखळ्या आपल्यापेक्षा कितीतरी लांब. त्याला कर्करोग क्वचितच होतो, आणि २०१३ मधल्या संशोधनानं त्याचं श्रेय बऱ्याच अंशी याच साखळ्यांना दिलं. यावरून कुणी सीरमची बाटली विकायला निघालं तर सावध राहा. त्वचेवर लावलेला मोठा रेणू वरच्या थरातच राहतो, तिथे थोडं पाणी धरतो, त्वचा काही तास टवटवीत दिसते. इतकंच. ‘आतून सुरकुत्या घालवतो’ म्हणणाऱ्यांनी शार-पेकडे एकदा नीट बघावं.

असो. भाच्याला पिल्लू परत करायचं नाही, तेव्हा कामाचं बोलू.

खोबरेल तेल नको. घडीच्या तळाशी हवा पोचत नाही, ओल राहते, आणि मॅलसेझिया नावाचं यीस्ट व स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू तिथे वाढतात. मॅलसेझिया स्निग्ध पदार्थांवर पोसलं जातं, म्हणजे तेल ही त्याला मेजवानीच. आंबूस वास, तपकिरी चिकटा, लाली दिसली की तिथे बिघडलंय असं समजावं. रोज घड्या उघडून बघायच्या, मऊ कोरड्या कापडानं पुसायच्या. अंघोळीपेक्षा अंघोळीनंतरचं कोरडं करणं महत्त्वाचं. औषधी पुसणी किंवा शाम्पू डॉक्टरांनी सांगितला तरच. हळद, कडुलिंब, दही यांतलं काहीही घडीत भरू नये, ओल वाढते आणि खरी जखम झाकली जाते. कानाची नळी या जातीत अरुंद असते, तिच्यात काडी घालायची नाही.

डोळे जास्त तातडीचे. कपाळाच्या वजनानं पापणी आत वळते आणि पापणीचे केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. पिल्लू डोळे किलकिले करत असेल, पाणी येत असेल, तर वाट पाहू नये. लहान पिल्लांच्या पापण्या तात्पुरत्या टाक्यांनी बाहेर ओढून ठेवतात, काहींना तर जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच. कायमची शस्त्रक्रिया सहसा वाढ झाल्यावर, कारण काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे: शरीर वाढतं तशा पाठीवरच्या घड्या कमी होतात. डोकं, मान आणि खांद्यावरच्या मात्र राहतात. मऊ शी, वजन न वाढणं हेही हलकं घेऊ नये. या जातीत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता बरीच आढळते आणि ती रक्त तपासून कळते.

तापाबद्दल एक लक्षात ठेवायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा हात लावून ‘गरम लागतोय’ याला अर्थ नाही. थर्मामीटर हवा. आणि आपल्या कपाटातल्या पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनच्या गोळ्या नकोत. आयबुप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडू शकतात, आणि शार-पेची मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात. वारंवार ताप आला की यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवतं, त्याचे अमायलॉइड नावाचे तंतू मूत्रपिंडात साचतात, आणि तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे टाळण्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा कोल्चिसिन देतात, तेच संधिवाताच्या एका प्रकारात माणसांना देतात ते. कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच रसायन असतं, आणि म्हणूनच ती जीवघेणी विषारी आहे. कुणी ‘आमच्याकडे कंद मिळतो’ म्हणालं तर त्याला तिथेच थांबवावं.

अजून पिल्लू घेतलेलं नसेल तर विकणाऱ्याला आईबापांना, आजी-आजोबांना असा ताप आला होता का ते विचारावं, प्रतींच्या चाचणीचा अहवाल मागावा आणि कमी घड्यांचं भावंड आहे का ते बघावं. घेऊन झालं असेल तर वर्षातून एकदा तरी लघवी तपासावी. नुसतं प्रथिन बघून भागत नाही. या जातीत अमायलॉइड अनेकदा मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साचतं, तेव्हा प्रथिन गळत नाही, पण लघवी पातळ होत जाते. म्हणून तिची घनताही मोजायला सांगावी. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, कारण तीच सर्वांत दाट असते. भाच्यानं विचारलंय की तो धरायचा कसा. लांब दांड्याचा जुना डाव चालतो, फक्त तो नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.